जिवाणू औषध कसे तोडतात? बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१ आणि त्यांना रोखणारी औषधे

दाढ सुजली, सायनसचा त्रास वाढला किंवा कानात पू झाला की डॉक्टर बऱ्याचदा '६२५'ची गोळी लिहून देतात. त्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत दोन नावे असतात: अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम. यातले पहिले अँटिबायोटिक आहे, म्हणजेच प्रतिजैविक. दुसरे मात्र स्वतः जिवाणू मारण्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. मग ते गोळीत घातले कशाला?

तर पहिल्या औषधाचे रक्षण करायला. अनेक जिवाणू अँटिबायोटिक तोडून टाकणारे रेणू तयार करतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड त्या रेणूंना निकामी करते आणि तेवढ्या वेळात अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. हे जिवाणूंचे हत्यार नेमके काय आहे, त्याला अडवतात कसे आणि काही वेळा ते का अडत नाही, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

- अँटिबायोटिकची 'सवय' आपल्या शरीराला होत नाही. प्रतिकारक होतात ते जिवाणू.
- बीटा-लॅक्टमेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेनिसिलिन आणि त्याच्या भाऊबंद औषधांना तोडते.
- क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, टॅझोबॅक्टम, ॲव्हिबॅक्टम ही या विकरांना रोखणारी औषधे आहेत. त्यांना 'इन्हिबिटर' म्हणतात.
- एनडीएम-१ हे विकर वेगळ्या पद्धतीने काम करते. त्यामुळे हे तिन्ही इन्हिबिटर त्याच्यापुढे चालत नाहीत.

पेनिसिलिन जिवाणूला मारते कसे?

जिवाणूच्या आत दाब बराच जास्त असतो. तो फुटू नये म्हणून त्याच्याभोवती जाळीसारखी मजबूत पेशीभित्ती असते. जिवाणू वाढताना ही जाळी सतत उसवावी आणि पुन्हा विणावी लागते. विणण्याचे काम काही प्रथिने करतात. त्यांना आपण भिंतीचे गवंडी म्हणू.

गवंडी जाळीच्या धाग्याचे टोक पकडतो आणि शेजारच्या धाग्याला जोडतो. पेनिसिलिनचा रेणू नेमका या टोकासारखा दिसतो. ही कल्पना १९६५ मध्ये डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी मांडली. गवंडी फसतो, धाग्याऐवजी पेनिसिलिन पकडतो आणि त्याचा हात तिथेच अडकतो. जाळी उसवण्याचे काम चालू राहते, विणण्याचे थांबते. शेवटी भिंत कमकुवत होऊन जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून पेनिसिलिन जिवाणूंना मारते आणि आपल्या पेशींना सोडून देते.

पेनिसिलिनच्या मध्यभागी चार अणूंचे एक छोटे कडे असते: तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. एवढ्या कमी अणूंचे कडे वाकवून बांधलेल्या कामटीसारखे ताणलेले असते आणि संधी मिळाली की उघडते. गवंड्याला चिकटताना ते उघडते, म्हणूनच औषध काम करते. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम या सगळ्यांत हेच कडे आहे. औषधाची सगळी ताकद त्या कड्यात आहे आणि त्याचे मर्मस्थानही तेच आहे.

विकर औषध तोडते म्हणजे काय करते?

बीटा-लॅक्टमेज हे विकर गवंड्याचा जणू भाऊच आहे. बहुतेक प्रकारांत दोघांकडे पकडायचा हात एकच असतो: सेरीन नावाचे अमिनो आम्ल. दोघेही औषधाचे कडे उघडून त्याला पकडतात. फरक पडतो तो यानंतर.

गवंडी औषधाला पकडतो आणि तासन्‌तास अडकून राहतो. विकराकडे मात्र सुटण्याची युक्ती असते. ते पाण्याचा एक रेणू अचूक जागी आणून ठेवते. पाणी औषध आणि विकर यांच्यातला बंध तोडते. तुटलेले, आता बिनकामाचे औषध बाहेर पडते आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. टेम-१ या प्रकारचा एक रेणू सेकंदाला पेनिसिलिनचे हजारभर रेणू तोडू शकतो.

विळीचे पाते भाजी कापून झिजत नाही, तसेच विकर काम करून संपत नाही. म्हणून नुसता डोस वाढवून दर वेळी उपयोग होत नाही. शिवाय पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारखे काही जिवाणू हे विकर स्वतःच्या बाहेर सोडतात. तेव्हा आसपासचे औषध तुटते आणि ज्यांच्याकडे विकर नाही असे शेजारचे जिवाणूही बचावतात.

हे सगळे आपण अँटिबायोटिक वापरायला लागल्यामुळे सुरू झाले का?

नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडले. ऑक्सफर्डमध्ये एका पोलिस शिपायाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून फेब्रुवारी १९४१ मध्ये दिले गेले. त्याच्या आधी, १९४० च्या डिसेंबरमध्येच, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी 'नेचर' नियतकालिकात कळवले होते की पेनिसिलिन नष्ट करणारे विकर जिवाणूंमध्ये असते. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा तोड सापडला होता.

याचे कारण साधे आहे. पेनिसिलिन ही मुळात बुरशीने तयार केलेली वस्तू. मातीत बुरशी आणि जिवाणू यांची लढाई माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. कॅनडातील सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही अँटिबायोटिकला प्रतिकार करणारी जनुके सापडली. त्यांत बीटा-लॅक्टम तोडणाऱ्या विकरांची जनुकेही होती. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग आपला दोष काय? आपण निवड केली. अँटिबायोटिक दिले की विकर नसलेले जिवाणू मरतात आणि असलेले उरतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे उरलेल्यांना मोकळे रान मिळते. १९४० चे दशक संपता संपता ब्रिटनमधील रुग्णालयात मिळणाऱ्या स्टॅफिलोकॉकसपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते.

त्यातच या विकरांची जनुके बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात. एक जिवाणू दुसऱ्याला प्लास्मिडची प्रत देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके एकत्र असणे नेहमीचे आहे.

विकराला रोखायचे कसे?

फणस चिरताना हाताला आणि विळीला तेल लावतात. न लावता चिरला तर चीक पात्याला असा चिकटतो की विळी चालेनाशी होते. विकर रोखण्याचा पहिला यशस्वी मार्ग असाच होता: पात्याला चीक लावणे.

ब्रिटनमधील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९७० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या मातीतल्या जिवाणूत क्लॅव्हुलॅनिक ॲसिड सापडले. यातही बीटा-लॅक्टम कडे असते. विकर त्याला औषध समजून पकडते, कडे उघडते, पण पुढे तो रेणू रूप बदलून सेरीनला घट्ट चिकटून बसतो. पाण्याची युक्ती चालत नाही. इन्हिबिटरही संपतो आणि विकरही बाद होते, म्हणून अशा रेणूंना 'आत्मघाती' इन्हिबिटर म्हणतात. अमॉक्सिसिलिनसोबतची त्याची गोळी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ऑगमेंटिन नावाने बाजारात आली. सल्बॅक्टम आणि टॅझोबॅक्टम याच घराण्यातले. रुग्णालयात सलाइनमधून दिले जाणारे पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे याच जोडीचे उदाहरण.

दुसरा मार्ग ॲव्हिबॅक्टमचा. यात बीटा-लॅक्टम कडे नाही. तोही सेरीनला पकडतो, पण विकर त्याला सहसा तोडू शकत नाही. सुटला तरी पहिल्यासारखाच अख्खा सुटतो आणि पुन्हा विकराला पकडतो. सेफ्टाझिडिमसोबत त्याला अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली.

तिसरा मार्ग बोरॉनचा. औषध तुटत असताना विकराच्या आत क्षणभर जी रचना तयार होते, तिची नक्कल बोरॉन असलेला रेणू करतो आणि ती जागा अडवून बसतो. व्हॅबोरबॅक्टम हे या गटातले औषध. त्याला २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

मग जिवाणू थांबले का?

नाही. प्रत्येक नव्या औषधाला त्यांनी नवे विकर पुढे केले.

टेम-१ सारखी सुरुवातीची विकरे मुख्यतः पेनिसिलिन गट तोडत. म्हणून सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन यांसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आली. मग विकरांत छोटे बदल होऊन, आणि काही नव्या घराण्यांतून, अशी विकरे पसरली की तीही तुटू लागली. यांना ईएसबीएल म्हणतात, म्हणजे व्यापक पल्ल्याची बीटा-लॅक्टमेज. आज जगभर पसरलेला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार २००१ मध्ये भारतातील जिवाणूंच्या नमुन्यांवरूनच पहिल्यांदा नोंदवला गेला.

ईएसबीएलवर तोडगा म्हणून कार्बापेनेम औषधांवर भिस्त वाढली. यातले इमिपेनेम १९८५ मध्ये आले, पुढे मेरोपेनेम. अतिदक्षता विभागात अनेक वर्षे हीच शेवटची भरवशाची औषधे होती. मग कार्बापेनेमही तोडणारी विकरे आली आणि त्यातल्या एकाच्या नावात आपली राजधानी आहे.

एनडीएम-१ : नाव दिल्लीचे, प्रश्न सगळ्यांचा

२००७ च्या अखेरीस भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक भारतात आजारी पडला आणि नवी दिल्लीत रुग्णालयात दाखल झाला. स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत क्लेब्सिएला जिवाणू मिळाला. हा जिवाणू कार्बापेनेमला जुमानत नव्हता. त्यातल्या नव्या विकराला २००९ मध्ये 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१', म्हणजे एनडीएम-१, असे नाव दिले गेले.

ऑगस्ट २०१० मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मधील लेखाने भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमध्ये त्याचा प्रसार दाखवला. भारतात मोठा गदारोळ झाला. हा वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा डाव असल्याचे आरोप झाले. २०११ मध्ये 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी विकराला शहराचे नाव दिले गेल्याबद्दल माफी मागितली.

नावाचा वाद रास्त होता, पण प्रश्न खोटा नव्हता. तो गदारोळ सुरू होण्याच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन महिन्यांत मिळालेल्या कार्बापेनेम-प्रतिकारक अशा २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ आढळले होते. २०११ मध्ये दिल्लीतील पाण्याचा अभ्यास आला. पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, तर रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांमध्ये या विकराचे जनुक होते. हा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीआड राहिलेला नव्हता.

एनडीएम-१ वर नेहमीचे इन्हिबिटर का चालत नाहीत?

कारण त्याच्याकडे सेरीनचा हातच नाही. त्याच्या गाभ्यात झिंकचे, म्हणजे जस्ताचे, दोन अणू असतात. ते पाण्याच्या रेणूला धार लावतात आणि ते पाणी थेट औषधाचे कडे तोडते. विकर औषधाला चिकटतच नाही. पाते धरून ठेवायला जागाच नसेल, तर चीक लावायचा कुठे? म्हणून क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, टॅझोबॅक्टम आणि ॲव्हिबॅक्टम इथे हतबल ठरतात.

यावर सध्या चार दिशांनी काम चालू आहे.

*वळसा घालणे.* ॲझट्रिओनाम या जुन्या औषधाला एनडीएम नीट तोडू शकत नाही. अडचण अशी की एनडीएम असलेल्या जिवाणूकडे बऱ्याचदा ईएसबीएलही असते आणि ते ॲझट्रिओनामला तोडते. मग ॲव्हिबॅक्टमने ईएसबीएल अडवायचे आणि ॲझट्रिओनामने जिवाणू मारायचा. या जोडीला युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीपासून डॉक्टर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमसोबत ॲझट्रिओनाम देऊन हाच परिणाम साधत आले आहेत. मात्र भारतातील एनडीएम असलेल्या अनेक ई. कोलाय जिवाणूंत 'गवंडी' प्रथिनाचाच आकार थोडा बदललेला आढळतो आणि तिथे ही जोडीही कमी पडू शकते.

*दोन बाजूंनी हल्ला.* मुंबईत मुख्यालय असलेल्या वॉकहार्ट कंपनीचे झिडेबॅक्टम विकराच्या मागे न लागता जिवाणूच्या एका गवंड्यालाच अडकवते. सोबतचे सेफेपिम दुसऱ्या गवंड्याला धरते. त्यामुळे एनडीएम तसेच राहिले तरी जिवाणू मरू शकतो. या जोडीच्या चाचण्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत झाल्या आहेत.

*झिंक काढून घेणे.* २०१४ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांना मातीतल्या एका बुरशीत ॲस्परगिलोमॅरास्मिन-ए हा रेणू मिळाला. तो एनडीएमचे झिंक ओढून घेतो. उंदरांवरील प्रयोगात त्यामुळे मेरोपेनेम पुन्हा चालू लागले. पण आपल्या शरीरातील अनेक विकरांनाही झिंक लागते, त्यामुळे माणसासाठी सुरक्षित असे औषध घडवणे सोपे नाही.

*सेरीन आणि झिंक दोन्हींना अडवणारा बोरॉन.* टॅनिबोरबॅक्टम हा रेणू दोन्ही प्रकारच्या अनेक विकरांत बसतो. मात्र एनडीएमचे काही नवे प्रकार त्यालाही चकवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

फक्त पेनिसिलिनच्याच बाबतीत असे होते का?

नाही. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या गटातल्या औषधांना जिवाणूंची काही विकरे तोडत नाहीत, तर त्यांना एखादी रासायनिक 'शेपटी' जोडतात. मग औषध आपल्या जागी बसतच नाही. अमिकासिनची रचना करताना अशा अनेक विकरांना अडचण होईल असा भाग मुद्दाम जोडला गेला होता. क्लोरॅम्फेनिकॉललाही अशीच शेपटी लागते. शिवाय विकराविनाही प्रतिकार होतो: औषध बाहेर फेकणारे पंप, बंद केलेली दारे, बदललेले गवंडी. एमआरएसए हा कुप्रसिद्ध जिवाणू मुख्यतः गवंडी बदलून टिकतो, म्हणून त्याच्यावर क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा उपयोग होत नाही.

नेहमीचे प्रश्न

*साध्या गोळीपेक्षा '६२५' जास्त ताकदीची, म्हणून तीच घ्यावी का?*
नाही. जिवाणू विकर तयार करत नसेल, तर नुसते अमॉक्सिसिलिन तितकेच चालते. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडमुळे जुलाब जास्त होतात आणि क्वचित यकृतालाही त्रास होतो. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर या दोन्हींचा उपयोग शून्य.

*३७५ च्या दोन गोळ्या म्हणजे ६२५ ची एक का?*
नाही. ३७५ च्या गोळीत २५० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असते. दोन घेतल्या तर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दुप्पट होते. मेडिकलमध्ये बदलून मिळाली तर आधी डॉक्टरांना विचारा.

*लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' लिहिले आहे. घाबरायचे का?*
त्याचा अर्थ जिवाणू अनेक सेफॅलोस्पोरिन तोडू शकतो. उपचार नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन बऱ्याचदा चालते. आणि काहीच त्रास नसताना केवळ कल्चरमध्ये जिवाणू आला, तर सहसा औषधाची गरज नसते. गर्भवती स्त्रिया हा महत्त्वाचा अपवाद. निर्णय डॉक्टरांवर सोडा, मात्र रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी तो उपयोगी पडतो.

*मी अँटिबायोटिक फारसे घेत नाही. माझा काय संबंध?*
सिझेरियन, सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, कमी दिवसांच्या बाळाची काचेची पेटी: हे सगळे अँटिबायोटिक चालते या भरवशावर उभे आहे. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिकारक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज 'द लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या हातात काय आहे?

- पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कार्बापेनेम आणि तिसऱ्या पिढीची अनेक सेफॅलोस्पोरिन भारतात शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराने नोंद ठेवणे बंधनकारक आहे.
- डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्या. स्वतःहून कमी नाही, जास्तही नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका.
- 'डॉक्टर, याला अँटिबायोटिक लागेलच का? कल्चर करायचे का?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.
- साबणाने हात धुणे, स्वच्छ पाणी, लसीकरण. जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही आणि जिवाणूला नवे विकर निवडायची संधीही मिळत नाही.

नवा इन्हिबिटर बाजारात यायला दहा-बारा वर्षे सहज जातात. त्याला चकवणारे विकर काही वेळा वर्ष-दोन वर्षांतच सापडते. ही शर्यत प्रयोगशाळा एकटी जिंकू शकणार नाही. जी औषधे अजून चालतात, ती गरजेपुरतीच वापरून आपण तिला वेळ मिळवून देऊ शकतो.